स्वतःला झाल्यासारखं सांगा

या हो, असे भिंतीला टेकून लांब का बसलात? पुढे सरका, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ या. गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. गाऊन सांगितलेली कथा मला किती आवडते ते तुम्हाला ठाऊक आहेच. सांगणारा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, आणि शेवटी कुणीतरी तरून जातं. या गोष्टीतही ओळ आहे आणि ती उचलणारेही भरपूर आहेत. तरून जाण्याचं तेवढं माझ्याकडे मागू नका.

एक मोठा दवाखाना होता. भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर पांढरा चुना. एक्सरेच्या दारावरून पुढे गेलं की नऊ नंबरची खोली. तिथे दर मंगळवारी दहा वाजता दुखणेकरी जमायचे. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. सगळ्यांच्या हातात एकाच गुलाबी गोळीचं पाकीट. गोळीचं खरं नाव आयब्युप्रोफेन, पण ते म्हणता म्हणता जबडा दुखेल, म्हणून सगळे तिला गुलाबी म्हणायचे आणि त्या खोलीला गोळीची शाळा.

शाळेची मास्तरीण म्हणजे गोळीची सिस्टर. उंच बाई, पांढरे बूट, आवाज खणखणीत. मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही तिला शिव्या घालाल आणि मला मध्ये पडावं लागेल. पूर्वी एका सुताराला तिने सगळं समजावून सांगितलं होतं. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, संडासला काळं झालं म्हणजे पोटात रक्त, तेव्हा थांबायचं, सगळं. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. अकराव्या दिवशी रक्ताची उलटी होऊन गेला. त्याची बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "त्यांना कुणी सांगितलं नाही का हो?"

तेव्हापासून सिस्टरने ठरवलं, मान हलवणाऱ्याला काही कळलेलं नसतं. ज्याला कळलंय त्याने उभं राहून तोंडाने सांगायचं. तेही "असं झालं तर तसं करीन" असं पुस्तकी नाही.

"स्वतःला झाल्यासारखं सांगा," ती म्हणायची. "आत्ता होतंय असं समजा. मी समोर आहे. बोला."

मग एकेकाने उठायचं.

"सिस्टर, मी सकाळी उठल्या उठल्या गोळी घेतली."

खोली एका सुरात: "आधी चार घास!"

"सिस्टर, गुडघ्याला ही घेते, डोक्याला दुकानातून दुसरी आणते."

"नाव दुसरं, गोळी तीच!"

"सिस्टर, संडासला काळं होतंय. डांबरासारखं."

यावर खोलीचा आवाज छताला लागायचा: "गोळी बंद! थेट दवाखाना!"

ज्याने नीट सांगितलं त्याच्या कागदावर सिस्टर एका चौकटीत बरोबरची खूण करायची. चौकटीपुढे छापलेलं असे, 'रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितले'. आणि कागदाच्या डोक्यावर लाल शिक्का, 'शिकवणी पूर्ण'.

आणखी एक गोष्ट ती बजावून सांगायची. "काही झालं तर इथेच यायचं. इकडेतिकडे पळायचं नाही. तुमचे कागद इथे आहेत. दुसरा डॉक्टर दुसऱ्या नावाने हीच गोळी हातावर ठेवील." सांगणं चुकीचं नव्हतं. पण तेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपली बाई.

इस्त्रीवाली मावशी. दवाखान्याचे कपडे जिथे धुवायला जात त्या लाँड्रीत सव्वीस वर्षं उभ्याने इस्त्री केलेली. डॉक्टरांचे पांढरे कोट तिच्या हाताखालून जायचे. माणसं तिने पाहिली नव्हती, पण कोट ओळखायची. या कोटाची कॉलर लवकर मळते, हा बाहीला पेन पुसतो. मोठ्या डॉक्टरांच्या कोटाला डाव्या खिशापाशी शाईचा एक जुना डाग होता, तो गेला नाही म्हणून तिला वर्षभर वाईट वाटलं होतं. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. घरी नवरा होता, एका कचेरीत तीस वर्षं लिफ्ट चालवलेला. दिवसभर "वर की खाली?" एवढंच विचारून विचारून त्याचं बोलणंच आटलं होतं. मूलबाळ नाही. मावशी गुडघा धरून बसायची, काका खिडकीत बसायचे. घरात कुकरची शिट्टी काय ती बोलकी.

पहिल्या मंगळवारी मावशी उठली तेव्हा बाकीचे लोक शब्द चावत होते. चारचौघांत संडासचं काय बोलायचं म्हणून माना खाली. मावशीने सव्वीस वर्षं बॉयलरच्या आवाजावर ओरडून बोलण्यात काढलेली. तिने पोटावर हात ठेवला, सिस्टरच्या डोळ्यात पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टर, मला काळं होतंय. सकाळपासून तीनदा. डांबर बाई, डांबर. मला भीती वाटते."

मागच्या बाकावरचा एक माणूस खरंच डॉक्टरांना बोलवायला धावला. त्याला दारातून परत आणावं लागलं. खोली हसून हसून लोळली, आणि सिस्टरने मावशीला तिथेच मिठी मारली.

"मावशी, तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

इतकं गोड मावशीला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

तिची शिकवणी त्याच दिवशी पूर्ण झाली, पण ती दर मंगळवारी येऊ लागली. सिस्टर तिला पुढे उभी करायची आणि दर वेळी कागदावर एक खूण. सोडायची नाही, नियम म्हणजे नियम. हळूहळू दोघींचा एक खेळच बसला. सिस्टर मुद्दाम वाईट सिस्टर व्हायची, कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "काही झालं नाहीये तुम्हाला. नाटकं करू नका." आणि मावशी रडवेली व्हायची. एका मंगळवारी रंगात येऊन मावशीने स्वतःची भर घातली. दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "नाटक नाही हो सिस्टर. खरंच सांगते. देवाशपथ."

काय टाळ्या पडल्या! एक बाई पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. "हे ठेवा," सिस्टर म्हणाली, "हे कायम ठेवा."

मावशी घरी गेली ती तरंगतच. काकांपुढे तालीम करायची. "अहो, बघा, 'खरंच सांगते' आधी की 'देवाशपथ' आधी?"

"आधी खरंच," काका म्हणायचे. "मग देव."

असे काही महिने गेले. मावशी गोळी घेत होती, उभी राहत होती, लोक शिकत होते. खोटं कशाला बोलू, पुष्कळ लोक वाचले असतील तिच्यामुळे. भाजीवाली, रिक्षावाला, पोस्टातला कारकून, सगळ्यांना ती ओळ पाठ झाली होती. रस्त्यात मावशी दिसली की लांबून ओरडायचे, "गोळी बंद!" आणि ती हात उंचावून म्हणायची, "थेट दवाखाना!"

मग एका बुधवारी सकाळी मावशी संडासातून बाहेर आली आणि चुलीशी न जाता काकांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"अहो. काळं झालं."

"काय?"

"संडासला. डांबरासारखं. चिकट. सिस्टर सांगते ना, अगदी तस्सं."

काकांनी चष्मा काढला. "तालीम आहे?"

"नाही हो."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षं ते तोंड पाहत होते, त्यांना कळलं. "मग तू लोकांना काय सांगतेस?"

"गोळी बंद. थेट दवाखाना."

"मग चल."

बघा, इथपर्यंत सगळं बरोबर झालं होतं. शिकवल्याप्रमाणे. तिने गोळीचं पाकीट कपाटात वर ठेवून दिलं आणि नवऱ्याचा हात धरून दवाखान्याच्या खिडकीशी गेली. खिडकीत दोघी कारकून बसायच्या, एक जाड चष्म्याची, दुसरी नुकतीच लागलेली. डॉक्टरांचा नंबर तिथेच मिळायचा.

"काय होतंय?" चष्मेवालीने मान वर न करता विचारलं.

"मला काळं होतंय. सकाळपासून दोनदा."

चष्मेवालीने मान वर केली आणि तिचा चेहरा फुलला. शेजारणीला कोपर मारलं. "अगं, याच त्या! मी म्हणत होते ना! मावशी, पुन्हा करा ना, हिने ऐकलं नाही."

आणि मावशीने पुन्हा सांगितलं. का, म्हणून विचारू नका. तिला वाटलं, ही दुसरी तरी नीट ऐकेल. भोळी माणसं असंच करतात. एकदा दार उघडलं नाही तर तेच दार पुन्हा वाजवतात. तिने सांगितलं, अगदी मनापासून. दुसरीने टाळी वाजवली.

"अहो, हिला खरंच होतंय," काका म्हणाले.

"काकांनाही उतरवलंत का खेळात!" चष्मेवाली हसली. मग कागद हातात घेऊन शिक्का पाहिला. "पण मावशी, शिकवणीवाल्यांना नंबर सिस्टरच्या सहीने. नियम आहे. नऊ नंबरला जा."

सिस्टर त्या दिवशी नव्हती. उद्या भेटेल म्हणाले. मावशी घरी आली. गोळी बंद केली होती आणि दवाखान्यातही जाऊन आली होती. धड्यात सांगितलेलं सगळं केलं होतं तिने. रात्री देवापुढे हात जोडून झोपली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर टेबलावर वाकून काही लिहीत होती. पुढच्या गुरुवारी दवाखान्याच्याच सभागृहात मोठा कार्यक्रम होता. वरच्या कार्यालयातून चार माणसं येणार, मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसणार, कॅमेरा लागणार. शिकवण्याची ही पद्धत सगळ्या दवाखान्यांत न्यायची की नाही ते त्यावर ठरणार होतं. सिस्टरची आठ वर्षं त्या गुरुवारावर टांगलेली होती.

"सिस्टर, मला काळं होतंय," मावशी म्हणाली.

"आवाज चढवा थोडा. सभागृह मोठं आहे, मागच्यांना गेलं पाहिजे."

"नाटक नाही हो सिस्टर. खरंच सांगते."

सिस्टरने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहत राहिली. "अगदी असंच! मावशी, आज माझ्या अंगावर काटा आला."

"देवाशपथ."

"हो, तेही."

मावशी उभीच राहिली. तुम्ही जरा विचार करा, तिने आता काय म्हणायचं होतं? खरं सांगायला माणसाजवळ शब्द असतात तरी किती? दोन-चार. ते तिने सगळे त्या खोलीत वाटून टाकले होते, टाळ्या घेऊन. देवाची शपथसुद्धा. माझ्यासारख्या माणसाला हे सांगताना जीभ जड होते, पण ती शपथ तिथे इतक्यांदा वापरली गेली होती की देवाने जरी ऐकली असती तरी तोही म्हणाला असता, हो हो, मंगळवारची.

"पांढऱ्याफटक दिसताय," सिस्टर म्हणाली. "पावडर लावलीत? छान दिसतं. गुरुवारी अशाच या."

शनिवारी काका एकटे गेले. आपला जुना लिफ्टमनचा कोट घातला, पितळी बटणांचा. त्यांना वाटलं, गणवेश पाहून जरा ऐकतील. नऊ नंबरच्या दारात उभे राहून ते आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "सिस्टर, बायकोला बुधवारपासून काळं होतंय, जिन्यात चक्कर आली, गोळी बंद केली आहे, ती खेळत नाहीये."

सिस्टर कार्यक्रमाच्या खुर्च्यांच्या घाईत होती. ती इतकी प्रेमाने हसली की काकांना स्वतःचीच लाज वाटली. "काका, तुम्ही किती गोड आहात हो दोघं! या वयात एकमेकांसाठी इतकं करायचं! तुम्हीपण या गुरुवारी, याच कोटात. पुढची खुर्ची ठेवते."

"सही पाहिजे होती. नंबरासाठी."

"कार्यक्रम होऊ दे. मग मी स्वतः घेऊन जाईन मावशींना डॉक्टरांकडे, सगळं तपासून घेऊ. वचन देते." आणि ती खुर्च्यांच्या मागे गेली.

तुम्ही म्हणाल, गावात दुसरा डॉक्टर नव्हता काय? होता, कोपऱ्यावरच. काकांनी दोनदा म्हणून पाहिलं. मावशी म्हणाली, "इकडेतिकडे पळायचं नाही. कागद इथे आहेत." पाठ केलेली बाई ती. धड्यातला एक शब्द गाळला नाही तिने. आणि आता वचनही मिळालं होतं.

मंगळवारी ती शाळेत गेली, पण बसूनच राहिली. गोळी बंद म्हणून गुडघे फुगले होते, आणि अंगात जीव नव्हता.

"उभं राहवत नाही? का बरं?" सिस्टरने विचारलं.

"गुलाबी बंद केली. काळं होतंय म्हणून."

सगळी खोली ओरडली, "थेट दवाखाना!" आणि हसली.

सिस्टर हसली नाही. तिने मावशीला बाजूला घेतलं. "हे पाहा, थट्टा खूप झाली. परवा तुम्ही उभ्या राहिला नाहीत तर माझी आठ वर्षं पाण्यात जातील. गोळी घेत जा नीट. शिकवणारीनेच असं केलं तर लोकांनी काय शिकायचं?"

मावशीचे डोळे भरले. सिस्टरला वाटलं, बोललेलं लागलं.

गुरुवार उजाडला. काकांनी तिला रिक्षात घालून आणलं. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, खाल्लेलं टिकत नव्हतं. पण डोक्यात एक गोष्ट पक्की होती, आणि ती रिक्षात तिने काकांच्या कानात सांगितली. "ही नाही ऐकत तर नाही. मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत आहेत. मी त्यांच्याकडे बघून सांगते. त्यांचा कोट मी ओळखते. ते डॉक्टर आहेत, त्यांना कळेल."

पडद्यामागे ती भिंतीला धरून उभी होती. सिस्टर धावत आली. "हे काय? पाय कापतायत?" तिने खिशातून पाकीट काढलं, दोन गुलाबी गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या. आज एवढं उभ्या राहा माझ्यासाठी."

"सिस्टर, मी जेवले नाही."

"आता धडा मला शिकवता का?" सिस्टर म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला.

मावशीने गोळ्या घेतल्या. उभं तर राहायलाच हवं होतं. उभं राहिल्याशिवाय त्या पहिल्या रांगेला सांगणार कसं? तिने देवाचं नाव घेऊन ग्लास रिकामा केला.

पडदा सरला. अडीचशे माणसं. कॅमेऱ्याचा लाल दिवा. पहिल्या रांगेत वरच्या कार्यालयाची चार माणसं आणि मधोमध पांढरा कोट. डाव्या खिशापाशी शाईचा डाग. तो पाहून मावशीला इतका धीर आला, जणू घरचंच माणूस भेटलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "मला काळं होतंय. आज नववा दिवस."

"गोळी बंद! थेट दवाखाना!" सभागृह गरजलं.

सिस्टरने आठ्या घातल्या. "काही झालं नाहीये तुम्हाला. नाटकं करू नका."

इथे मावशीने सिस्टरकडे पाठ केली. दोन पावलं पुढे आली, थेट पांढऱ्या कोटासमोर. "डॉक्टरसाहेब, तुमचा कोट सव्वीस वर्षं मी इस्त्री केला. तुम्हाला सांगते. नऊ दिवस झाले. डोळ्यांपुढे अंधारी येते. नाटक नाही हो. खरंच सांगते. देवाशपथ."

 मोठे डॉक्टर भारावून गेले होते. त्यांनी चार पाहुण्यांकडे पाहिलं, हसले, आणि आपणही या खेळात मागे नाही हे दाखवावं म्हणून उभे राहून हात वर करून म्हणाले, "गोळी बंद! थेट दवाखाना!"

काय सांगू तुम्हाला, छत उडायचं बाकी राहिलं. पाहुणेही उभे राहिले.

मावशी त्या आवाजात एकटी उभी होती. ती हळूच म्हणाली, पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "दवाखान्यातच आहे मी."

तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं हसू तिला तेव्हा मिळालं. मग ती पडली. टाळ्या वाढल्या. सिस्टर हसत हसत वाकली. "उठा आता, मावशी. नमस्कार करा." आणि मावशीच्या तोंडातून कॉफीच्या गाळासारखं काळं काही आलं, त्याच्यामागून लाल.

टाळ्या पुढच्या रांगेपासून थांबत गेल्या. मागच्यांना दिसत नव्हतं, ते बराच वेळ वाजवत होते.

त्याच दुपारी ती गेली. वरच्याच मजल्यावर. ज्याच्या नंबरासाठी नऊ दिवस फिरली तो डॉक्टर तिथे पाच मिनिटांत आला.

चौकशी झाली. तीन खुर्च्या, एक टेबल, मावशीचा कागद. कागदावर बरोबरच्या एकोणतीस खुणा. त्यांनी लिहिलं, 'रुग्णास गोळीच्या दुष्परिणामांची पूर्ण माहिती होती. तिने ती स्वतःच्या शब्दांत एकोणतीस वेळा सांगितली होती. माहिती देण्यात कसूर झालेली नाही.' काकांनी वाचून सही केली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

सिस्टर रडली. दारात येऊन काकांचे पाय धरले तिने. "काका, मला कळलंच नाही हो. खरंच सांगते. देवाशपथ." काका तिच्याकडे पाहत राहिले. हे शब्द त्यांनी घरी इतक्या वेळा ऐकले होते, आधी खरंच, मग देव. क्रम बरोबर होता. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

पद्धत मंजूर झाली. सिस्टर आता वरच्या कार्यालयात बसते आणि इतर सिस्टरांना शिकवते. कार्यक्रमाचं चित्रण उत्तम आलं होतं. शेवटचा भाग कापला. "दवाखान्यातच आहे मी" आणि हसण्याचा गजर, तिथे संपवलं. नऊ नंबरच्या खोलीत मागच्या भिंतीवर टीव्ही लावलाय, त्यावर मंगळवारी ते दाखवतात. लोक फार हसतात.

पहिल्या मंगळवारी काका ते पाहायला गेले. तिसऱ्या बाकावर बसले. दारावरच्या बाईने विचारलं, "कागद?" कागद नसेल तर बसता येत नाही, दुखणेकऱ्यांना जागा पुरत नाही. काका घरी परतले, चार दिवस विचार केला आणि पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला गेले. गुडघा दुखतच होता, तीस वर्षं एका चौरस फुटात उभं राहिलेला. डॉक्टरांनी गुलाबी लिहून दिली. आता त्यांना हक्काने बसता येतं.

पण बसायचं म्हणजे शिकावंही लागतं. नवीन सिस्टर आहे, लहान, हसरी. तिने काकांना उभं केलं. "बोला काका. काय होतंय?"

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे टीव्हीवर मावशीचा आवाज चालूच होता. मग म्हणाले, "तिला काळं होत होतं. तिने सांगितलं. मीही सांगितलं."

"अहो, कुणाच्या बायकोचं-बियकोचं नको," सिस्टर समजुतीने म्हणाली. "स्वतःला झाल्यासारखं सांगा. मी समोर आहे."

"मला," काका म्हणाले. "मला काळं होतंय."

"गोळी बंद! थेट दवाखाना!"

सिस्टरने खूण केली आणि पुढच्याला उठवलं. अजून तरी ते खरं नव्हतं. खरं होईल तेव्हा म्हातारा काय म्हणेल, हे मी पुष्कळदा देवाला विचारलंय. उत्तर आलं की तुम्हाला सांगीन.

आता उठा, उशीर झाला. माझं एकच मागणं आहे, आणि ते जड नाही. आज हात जोडाल तेव्हा त्या इस्त्रीवाल्या मावशीची आठवण ठेवा. शाईचा डाग निघाला नाही म्हणून जिला वर्षभर वाईट वाटलं होतं, तिची. आणि तिसऱ्या बाकावरच्या काकांची. ते मंगळवारी दहाला तिथे असतात. गेलात कधी तर शेजारी बसा, आणि ते काही बोलले तर हसू नका.